पुसलेल्या डिस्कवरची पत्रकं

आधीच सांगते, मी असलं काही मानत नाही. बुवाबाजीविरुद्धची पत्रकं वाचत मी अक्षरं गिरवली. ती माझ्या वडिलांनी, आप्पांनी लिहिलेली. शिरूरच्या एसटी स्टँडपासून दौंडच्या बाजारापर्यंत त्यांनी ती स्वतः वाटली, शिव्या खाल्ल्या, एकदा मारही खाल्ला. त्यांच्या मुलीवर अजब अनुभवांच्या या सदरात लिहायची वेळ यावी, याचाच मला संताप येतो.

मी ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर काम करते. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळ्यात आतला गाभा. कुठली फाइल डिस्कवर नेमकी कुठे बसणार, हे त्यातला फाइल सिस्टिमचा कोड ठरवतो. मी त्याचं रिफॅक्टरिंग करत होते. फाइल पुसायचा तोच कोड दोन ठिकाणी लिहिलेला होता, तो एका जागी आणायचा होता. नियम एकच — मांडणी बदलायची, वागणं तसूभरही बदलायचं नाही.

शिरूरला मार्केट यार्डामागे मी आणि माझा भाऊ संदीप भाड्याच्या खोलीत राहतो. कॉम्प्युटरला दोन डिस्क जोडलेल्या होत्या. काळी चाचणीची. निळीवर आप्पांची सगळी पत्रकं, स्कॅन केलेली. मूळ कागद वाळवीने खाल्ले म्हणून मीच जाळले होते. दुसरी कॉपी काढायची राहिली होती... जगाला बॅकअप शिकवणारी मी! दुसऱ्या दिवशी ती डिस्क दौंडच्या प्रेसला द्यायची होती, पुस्तक छापायला.

दुपारी लाईट गेली, आली, मशीन परत सुरू झालं. मी चाचणी लावली. ही चाचणी दिलेली डिस्क आधी पूर्ण कोरी करते, मग त्यावर हजारो फाइली लिहून पुसते. तासाभराने सगळं पास. सहज लॉग उघडला, म्हणजे मशीनने केलेली नोंद. मशीन परत सुरू होताना दोन डिस्कची नावं आपसात बदलली होती. असं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये डिस्कच्या सिरियल नंबरऐवजी ते बदलणारं नावच ठेवलं होतं. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं — नवीन फाइल सिस्टिम तयार, म्हणजे डिस्क कोरी केली. खाली निळ्या डिस्कचा सिरियल नंबर.

निळी डिस्क उघडली... सगळी पत्रकं जागच्या जागी. चाचणीची एकही फाइल नाही. काळीवरही कालच्याच फाइली. मग तासभर हजारो फाइली लिहिल्या गेल्या त्या कुठे?

संदीप कंपनीतली पहिली पाळी करून आला तसा मी त्याला धरला.

"तू केबल बदललीस?"

"तुझ्या टेबलाला हात लावायची परवानगी हाय का मला? मागं चहाचा कप ठेवला तर आठ दिवस बोलली न्हाईस."

"मग तुझ्या मित्रांपैकी कुणी?"

"व्हय, लाइनवरचे हेल्पर येत्यात ना हितं, कर्नल शिकायला!"

खरं तर मी दिवसभर खोलीतच होते. कुणी आलंच नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "चांगल्या माणसाचं काम व्हतं, कुनीतरी राखलं. त्या डबीला हळदकुंकू लाव." मी त्यांच्यावर ओरडलेच.

दोन पेनड्राइव्हवर कॉपी काढल्या आणि एसटीने गावी, न्हावऱ्याला गेले. आप्पांना सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीसकट.

"पुसली व्हती म्हन्तीस?"

"हो."

"आन् समदी पत्रकं हायती?"

"हो."

"मग कुनीतरी डाव खेळतंय. परत कर. माझ्यासमोर."

"आप्पा, त्याच डिस्कवर?"

"कॉपी हाय ना? मग भ्यायचं कशाला!"

ते माझ्याबरोबर शिरूरला आले. तोच कर्नल, तीच स्क्रिप्ट, तीच निळी डिस्क. तासभर डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. चाचणी संपल्यावर डिस्क उघडली. एकही पत्रक नव्हतं. जुन्या फाइली परत काढायची साधनं चालवली, तुकडाही मिळाला नाही.

आप्पा खूश झाले. "बघ, पुसली जाती! कसला चमत्कार न् कसलं काय."

"मग त्या दिवशी का नाही पुसली गेली?"

त्यांनी डिस्क हातात फिरवली. संदीपकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पोरी, तू खरं सांगतीस न्हवं?"

मी लॉग दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो ओळ न् ओळ वाचला. "लिहायला काय, काय बी लिहिता येतं," म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पुस्तक दौंडला छापून झालं. माझा पॅच, म्हणजे कोडमधला तो बदल, मात्र तयार असून पडून आहे. पाठवताना त्याखाली आपलं नाव लिहून जबाबदारी घ्यावी लागते, आणि मला ती घेता येत नाही. त्या दिवशी त्या कोडने काय केलं, मला आजही सांगता येत नाही. आप्पांनी तो विषय परत काढलेला नाही. मी काही सांगू लागले की ते क्षणभर थांबून माझ्याकडे बघतात. त्यांचा रागही येत नाही... हेच मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मीही त्याच्याकडे तसंच पाहिलं असतं.