पडदा ओढणारी मुलगी

माझ्या धाकट्या बहिणीला घरात आम्ही रेडिओ म्हणतो. सकाळी एकदा सुरू झाली की झोपेपर्यंत बंद नाही. लहानपणी शाळेत मात्र हिच्या तोंडून शब्द फुटत नसे. एका बाईंनी तिला खिडकीशी बसवलं आणि पडदा ओढायचं काम दिलं. त्या बाई म्हणजे हिचा जीव की प्राण. "सगळ्यात जास्त माया त्यांची माझ्यावर होती," हे पालुपद ऐकून माझे कान किटले होते.

त्यांच्यामुळेच ती पुढे शिक्षकांसाठीच्या कामात शिरली. शिक्षकांनी आपलं शहाणपण एकमेकांना द्यावं म्हणून तिने एक ॲप बनवलं. वर्गात जमलेली युक्ती लिहायची. दुसऱ्या कुणी ती करून बघितली आणि जमली, तर त्याने 'उपयोगी पडली' हे बटण दाबायचं. ज्या युक्तीला जास्त बटणं, ती वर.

सगळ्यात वर चढली ती एका निवृत्त बाईंची युक्ती. 'न बोलणाऱ्या मुलाला खिडकीशी बसवा. पडद्याचं काम द्या. वर्षभर काही विचारू नका. मूल खूश, वर्ग शांत, आपला वेळ वाचतो.'

खालचं नाव ओळखीचं होतं. धाकटीने मला ते वाचून दाखवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, माया नव्हती गं ती. युक्ती होती."

"दोन्ही असेल," मी म्हटलं. "आणि एवढं लागत असेल तर काढून टाक."

"कशी काढू? हजारो शिक्षकांना उपयोगी पडलीय. मुलाला पडली का, हे विचारणारं बटणच मी ठेवलं नाही!"

तेव्हापासून ती पछाडल्यासारखी झाली. कामानिमित्त शाळांत जाते आणि वर्गात पाऊल टाकलं की आधी खिडकीकडे बघते. तिथे कोणीतरी असतंच, म्हणते.

मागच्या आठवड्यात एका वर्गात फळ्यावर ऊन आलं, तशी एक मुलगी न सांगता उठली आणि पडदा ओढून गुपचूप बसली. धाकटी तिच्याजवळ गेली. "तुला काय आवडतं गं?"

"तिला नका विचारू," वर्गाच्या बाई प्रेमाने म्हणाल्या. "ती बोलत नाही. फार गुणी आहे."

धाकटी तिच्या शेजारी बाकावर बसून राहिली. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला, बाई तेवढ्या टेबलाशी बसून होत्या. मुलगी उठली, पडद्याची कड धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आता उघडू का?"

"अगंबाई!" बाई जागच्या उठल्या. "बोलता येतं हिला?"

त्याच संध्याकाळी धाकटीने ती युक्ती काढून टाकली. दोन दिवसांत ती परत आली होती. दुसऱ्या शाळेतून, दुसऱ्या शब्दांत, आणि लिहिणाऱ्याने वर अभिमानाने म्हटलं होतं, 'ही माझी स्वतःची युक्ती.'