कॅबिनेटमधली झिणझिणी

हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरला नवं अंग चढवलं. मुलगी परदेशात. रविवारी व्हिडिओ कॉलला तिचं तोंड पडद्यावर दिसायचं, ते अर्धं उघडून गोठलेलं. दुकानदार म्हणाला, "काकू, हार्ड डिस्क तीच राहू द्या. मेमरी वाढवू, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट नवं घालू." मी मान डोलवली. साठीला टेकलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी बाई होते मी. आज भेटली तर तिचा कान धरीन.

घरी आणून कॅबिनेटचा पत्र्याचा डबा जरा सरळ करावा म्हणून हात लावला, तर बोटांतून कोपरापर्यंत झिणझिण्या. झटका नव्हे. मागून येऊन कुणी हळूच चिमटा काढावा, तसं. आणि या घरात तसं करायची खोड एकाच माणसाला होती.

मग डबा आपणहून बंद पडायला लागला आणि आपणहून सुरू व्हायला. सुरू झाला की पडद्यावर ह्यांनीच लावलेला फोटो यायचा, देवगाव रंगारीच्या शेतात बसलेल्या आमच्या मेंढ्यांचा. दुपारी बाहेर ऊन रटरटत असायचं, रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आतल्या खोलीत डब्यातला पंखा एकदम घरघरायचा. मी पोळी लाटता लाटता थांबायचे.

तीनदा रिक्षात घालून दुकानात नेला. दुकानदारानं मेमरीची पट्टी काढली, तिची सोनेरी कड खोडरबरानं घासली, परत बसवली. सगळ्या डब्यावरून तळहात फिरवून म्हणाला, "काहीच नाय, काकू. मस्त चालू आहे." दुकानात खरंच काही व्हायचं नाही. घरी आणला की पुन्हा चिमटा. म्हणजे जे काही होतं ते मशीनमध्ये नव्हतं, माझ्या घरात होतं.

मला एवढंच कळायला हवं होतं, की हे इथं आहेत का नाहीत.

तर मी विचारायला लागले. दुपारी डब्यावर तळवा ठेवायचा आणि, "चहा टाकू?" झिणझिण. "आमटीत मीठ जास्त पडलंय का?" झिणझिण. जन्मभर माझ्या कुठल्याच गोष्टीला हो न म्हणणारा माणूस आता प्रत्येकाला हो म्हणत होता. तिथंच शंका यायला हवी होती. शेजारीण मूळची खुलताबादची. तिनं दर्ग्यातला धागा आणून दिला. "भाभी, मशीन को बांधो. जो भी है, चला जाएगा." मी तो मुद्दाम शिलाई मशीनला बांधला. मशीनच ते.

हे मी मुलीला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं कन्नडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या दिराला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी ते एसटीनं हजर. जन्मभर वायरमन. होल्डरला दोन वायरी जोडलेला एक बल्ब पिशवीतून काढला, एक वायर बोर्डाच्या फेजच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या. बल्ब लख्ख पेटायला हवा होता, तो नुसता लालसर झाला, विझत्या निखाऱ्यासारखा.

"वहिनी, अर्थिंग मेलंय तुमचं. मागच्या खड्ड्यात पाणी घालता का नाय?"

मागच्या भिंतीशी अर्थिंगचा लोखंडी पाईप पुरलेला होता. हे दर रविवारी तिथं बादली ओतायचे आणि मी खिडकीतून टोमणा मारायचे, "काय पीक घेताय?" आता बीड बायपासच्या पलीकडं आमच्या चारी बाजूंना इमारती उठल्या होत्या, त्यांच्या बोअरनी खालचं सगळं ओढून नेलं होतं. आमचं बोअर नुसती हवा ओकायचं. टँकरच्या पाण्यात भागवताना सगळ्यात आधी मी तीच बादली बंद केली.

"जमीन पार कोरडी झाली. करंट जाणार कुठं? डब्यातच बसला," दीर म्हणाले. "तुमी शाळेत काय शिकवत व्हत्या?"

"विज्ञान."

आठवीच्या पोरींकडून मी भूसंपर्कनाची, म्हणजे याच अर्थिंगची, व्याख्या दहा-दहा वेळा लिहून घेतली होती.

"चार बादल्या ओतू. जाईल ते."

"उद्या ओतू, भाऊजी. टँकर आल्यावर."

"आन् आज रात्री हात चिकटला म्हंजे?"

त्यांनी धुण्यासाठी भरून ठेवलेल्या बादल्यांतली पहिली उचलली आणि मागच्या दारानं गेले. मी आत जाऊन डब्यावर तळवा ठेवला. पाणी पडल्याचा आवाज आला, मग जमिनीनं ते ओढून घेतल्याचा, सू करून. हातातली झिणझिण कोपरावरून मनगटाशी आली. दुसऱ्या बादलीला ती बोटांत उतरली. तिसऱ्याला फक्त करंगळीजवळ, अगदी बारीक, कान देऊन ऐकावी लागावी अशी.

"गेलं का वहिनी, का अजून लई हाय?" दीर मागून ओरडले. चौथी बादली त्यांच्या हातात होती, खिडकीतून दिसत होती.

मी करंगळी तशीच ठेवली.

"गेलं," मी म्हणाले. "बास करा आता. पाणी वाया घालवू नका."