बसल्याचा वेळ

तुये गावातल्या कारखान्यात आमचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या या गृहस्थाला वेळ विचारली, तर 'अकरा वाजत आले' असं कधी म्हणणार नाही. 'दहा सत्तावन्न' म्हणेल. स्वतः मात्र इब्रामपूरहून रोज उशिरा येतो. कोणी कुठला प्रोग्रॅम किती वेळ चालवला याची नोंद मशीन आपोआप ठेवतं. त्यातला वेळ कसा मोजून छापायचा, हे हा ठरवतो.

मी कामाच्या वेळेत कॉम्प्युटरवर पत्ते खेळतो, असा संशय येऊन मॅनेजरनं ती नोंद मागवली. यानं शांतपणे कागद पुढे केला. पत्ते: चार सेकंद.

"चारच?"

"प्रोसेसर तेवढाच राबला, साहेब. बाकी मशीन बसून होतं. बसल्याचा वेळ धरत नाहीत."

मॅनेजर गेल्यावर मला हळूच म्हणाला, "घड्याळाप्रमाणां दोन तास बावीस मिनटां. तो आकडोय छापूक येता. आयतारा चार तास लावणीक ये."

रविवारी त्याच्या शेतात कंबर मोडेस्तोवर भात लावलं. शेवटी बांधावर टेकत म्हटलं, "चार तास झाले."

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "तीन तास धा मिनटां. बसल्याचो वेळ धरनत नाय."