जॅझची झाली झांज

आमच्या अण्णांनी सगळ्या ब्राह्मणपुरीत सांगून ठेवलं होतं की त्यांचा मुलगा मुंबईला झांज वाजवतो. गावाच्या नावावर जाऊ नका, गाव शेतकऱ्यांचं. कापूस, ऊस आणि केळी यांच्यापलीकडे कुणाचा कशावर फारसा विश्वास नव्हता. भजनावर मात्र होता, आणि भजनी मंडळाचे कर्तेधर्ते आमचे अण्णा. ते झांज अशी वाजवत की एकादशीला गल्लीतली कुत्री आपण होऊन शिवारात निघून जात. अशा माणसाचा मुलगा मुंबईला जाऊन झांज वाजवतो म्हटल्यावर घराण्याचं पुण्य फळाला आलं, असं गावाने धरून चालावं यात गावाची चूक नाही.

चूक झाली ती एका दिवाळीत, जेवताना. माझा धाकटा भाऊ मुंबईला यंत्रांचा कसलासा अभ्यासक्रम करायला गेला होता. तो त्याने मधेच सोडून दिला आणि एका हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या बॅन्डमध्ये शिरला. हे सांगायला तो दिवाळीला आला, पण सांगवेना. शेवटी फराळाचं ताट पुढ्यात असताना त्याने खाली मान घालून उरकून टाकलं.

"अण्णा, मी तठे जॅझ वाजाडस."

अण्णा एका कानाने थोडे अधू आणि दुसऱ्या कानाने पूर्ण भाविक. त्यांना झांज ऐकू आली. त्यांचे डोळे भरून आले. मुलाच्या तोंडात तेव्हा चकली होती, तिने त्याला खरं बोलू दिलं नाही असं तो पुढे म्हणायचा. माझं मत असं की चकली निमित्त होती, मुळात अंगात हिंमतच नव्हती. अण्णांनी त्याच संध्याकाळी पारावर जाऊन बातमी फोडली.

काय वाजवतोस, हेही त्यांनी एकदा नीट विचारलं. तो म्हणाला, "बास." अण्णा म्हणाले, बरं, बास तर बास, आणि विषय बंद केला. त्यांना वाटलं पोराला बोलायचा कंटाळा आला. पुढे ती जाड सुरांची बास गिटार घरी आली तेव्हा तिला चार तारा दिसल्या. अण्णांना एकतारी माहीत होती. चार तारा म्हणजे चौपट भक्ती, असा सरळ हिशोब त्यांनी केला असावा.

ही गोष्ट साठ सालानंतरची, सत्तरच्या आधीची. नंदुरबार जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आम्ही धुळ्याचे. मला लोणखेड्याला दिलेली, म्हणजे माहेर इतकं जवळ की सासूशी भांडण झालं तर संध्याकाळपर्यंत परत येता येई. त्या वर्षी मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले तेव्हा घरात वेगळंच वारं होतं. आमच्याकडे आखाजी म्हणजे नुसता सण नव्हे. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं त्याच दिवशी सुरू होतं. शेतावर वर्षभर कोण राबणार ते तेव्हा ठरतं. अण्णांनी जुन्या सालदाराला निरोप दिला होता आणि नवा ठरवलाच नव्हता. मायने कारण विचारलं तर म्हणाले, मुलगा येतोय, आता तोच सांभाळेल. केळीची नवी लागवड करायची होती. मुंबईत झांज वाजवून झाली, आता गावात वाजव आणि दिवसा केळीला पाणी दे, असा त्यांचा बेत होता.

भावाला हे कळलं तेव्हा तो माजघरात माझ्यासमोर येऊन बसला. चेहरा असा की मला आधी हसूच आलं. मग हसू गेलं. तो म्हणाला, अक्का, मी इथे राहिलो तर मरेन. मी म्हटलं, केळीला पाणी देऊन कुणी मरत नाही. उठून त्याने गिटार घेतली, तिचं टोक मायच्या भांड्यांच्या लाकडी कपाटाला टेकवलं आणि सर्वांत जाड तार छेडली. अख्खं कपाट घुमलं. आतल्या पितळी वाट्या थरथरल्या आणि तो आवाज जमिनीतून माझ्या तळपायांना लागला. मी ओव्या ऐकल्या, लग्नाचा बॅन्ड ऐकला, रेडिओ ऐकला. पण आवाज खालून येतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याने आणखी चार सूर वाजवले, अगदी सावकाश, मधे भरपूर जागा सोडून. मला रडायला आलं. रडायला आलं म्हणून त्याचा रागही आला.

"मंग अण्णाले सांगी दे ना," मी म्हटलं.

"सांगीसन समजनार नही," तो म्हणाला. "एकदाव ऐकू दे त्यासले. ऐकीसन नको म्हनतीन तर मी ऱ्हास अठे."

असा सौदा त्याने अण्णांशीही केला, अर्थात झांज हा शब्द जिथल्या तिथे ठेवून. आखाजीच्या दिवशी दोन मित्र येतील, तिघं मिळून मारुतीसमोर वाजवू, ऐका आणि मग काय ते सांगा. अण्णा खूश. त्यांनी भजनी मंडळाला सांगितलं की मुंबईचे झांजकरी येताहेत, टोप्या धुऊन ठेवा.

झांजकरी एसटीच्या टपावर सामान टाकून शहाद्याहून आले. एक गोव्याचा, त्याच्याकडे सॅक्सोफोन. दुसरा पारशी, त्याच्याकडे ढोलांचा ढीग आणि पितळी थाळ्या. थाळ्या बघून मंडळाचा जीव भांड्यात पडला, झांजेसारखं काहीतरी दिसलं एकदाचं. सॅक्सोफोनचं मात्र कुणाला काही कळेना. आमच्या मृदंगवाल्या काकांनी तो सगळीकडून पाहिला, तोंडाकडचा भाग हुंगला आणि ही चिलीम आहे असा निकाल दिला. तेव्हापासून गोव्याचा तो सज्जन माणूस आमच्या गावात चिलीमवाला झाला. मायने दोघांना खापरावरची पुरणपोळी आणि आमरस इतका वाढला की पारशी बाबा जेवून उठताना भिंतीला धरून उठला.

भावाने जेवताना समजावून सांगायचा एक शेवटचा प्रयत्न केला. तो म्हणाला, आम्ही आधी काही ठरवत नाही, वाजवता वाजवता प्रयोग करतो. प्रयोग म्हटल्यावर बसलेल्यांचे चेहरे पडले. गेल्याच हंगामात सरकारी माणसांनी आमच्या शिवारात संकरित ज्वारीचा प्रयोग केला होता आणि ती ज्वारी गुरंसुद्धा नाखुशीने खात होती.

ऊन कलल्यावर सगळं गाव मारुतीसमोर जमलं. पुढे भजनी मंडळ, पांढऱ्या टोप्या, मांडीवर झांजा, मधोमध अण्णा. पलीकडे निंबाला झोके बांधलेले, तिथे माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत होत्या. मी झोका सोडून पाराच्या कडेला, भावाच्या जवळ बसले.

गिटारीला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो हे मला तेव्हा कळलं. तिला एक पेटी लागते, वीज लागते. भावाने ती पेटी मुंबईहून छातीशी धरून आणली होती. आमच्या गावात वीज नुकतीच आलेली. येई तेव्हा कधी मिणमिणती येई, कधी अंगावर धावून येई. त्या दिवशी धावून आली. पेटीतून फट् असा आवाज झाला, धूर निघाला, जळकट वास सुटला, आणि पेटी मेली. भावाचं तोंड पांढरंफटक पडलं. मंडळातले एक जण म्हणाले, सुरुवात तर जोरात झाली.

शहाद्याहून लाऊडस्पीकरवाले चाचा आले होते, बॅटरी आणि भोंगा घेऊन. भला माणूस. त्यांनी तार जोडून गिटार भोंग्यावर घेतली आणि भावाला म्हणाले, बजाव बेटा, धुळ्यापर्यंत जाईल. गेला असेलही. पण लग्नाच्या भोंग्याचा स्वभाव असा की बारीक आवाज तो गावभर ओरडून सांगतो आणि जाड आवाज गिळून टाकतो. निंबावरच्या भोंग्यातून गिटारीचं नुसतं टिक टिक येऊ लागलं, कुणीतरी पाटीवर नख आपटावं तसं.

मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, मला मुळातला आवाज पुसट ऐकू येत होता. पुढे अण्णांपर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. भाऊ थांबला असता तर बरं, पण तो थांबला नाही. त्याने मित्रांकडे पाहून मान हलवली, आणि चिलीमवाल्याने पहिला सूर काढला.

तो सूर मी जन्मात विसरणार नाही. निंबाखालची म्हैस उठून उभी राहिली. मृदंगवाले काका हळूच म्हणाले की आत काहीतरी अडकलंय. मग पारशाने थाळ्यांवर काड्या फिरवल्या आणि तिघं निघाले, कुठे ते त्यांनाच ठाऊक. मला वाटलं आता ओळखीचं काही येईल, मग वाटलं आत्ता येईल. येईना. सम यायची तिथे नसे, नसायची तिथे सापडे. मंडळाचा मात्र मोठेपणा असा की त्यांनी साथ द्यायचा प्रयत्न केला. अण्णांनी झांज उचलली, डोळे मिटले आणि मारली. चुकली. पुन्हा मारली, तेव्हा ढोल थांबलेला होता, त्यामुळे ती एकटीच खणखणली. पाचसहा वेळा असं झाल्यावर त्यांनी झांजा मांडीवर ठेवल्या आणि नुसते बघत राहिले. मी हसत होते, सगळेच हसत होते. आणि हसता हसता मला आठवत होतं की आज आखाजी आहे आणि शेतावर सालदार नाही.

मधेच एक गंमत झाली. झोक्यावरच्या बायकांना हा गोंगाट सहन होईना, त्यांनी त्याच्यावर मात करायला गौराईचं गाणं चढ्या आवाजात धरलं. चिलीमवाल्याने कान टवकारले आणि त्यांची चाल उचलली, जशीच्या तशी, मग थोडी वाकडी करून. बायका चमकून गप्प झाल्या. मग एकमेकींना कोपरं मारून आणखी जोरात गायल्या. तो पुन्हा त्यांच्या मागे. भाऊ खालून त्या गाण्याला असा काही धरत होता की त्याच्याशेजारी बसलेल्या मला झोक्यासकट सगळं कुणीतरी तळहातावर उचललंय असं वाटत होतं. मी हसायची थांबले. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा कान पुढे करून, भुवया आवळून ऐकत होते. भोंग्यातून टिक टिक येत होतं.

संपल्यावर लोकांनी उगाच टाळ्या वाजवल्या. काकांनी भावाच्या पाठीवर हात ठेवून, तब्येत जप, असं सांगितलं. दिवेलागणीच्या आधी सगळे घरी आलो. मित्र ओसरीवर बसले. अण्णांनी हातपाय धुतले, टोपी खुंटीला लावली आणि भावाला आत बोलावलं. माय आणि मी चुलीपाशी होतो.

अण्णा चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. ते अगदी हळू बोलले, दुसऱ्याच्या मुलाशी बोलावं तसं.

"तो चिलीमवाला ऐकू उना. ढोलवालाबी ऐकू उना. तुन्हं माले काहीच ऐकू उनं नही."

भाऊ म्हणाला, "अण्णा, मन्हा आवाज जाड शे. भोंगाम्हान तो निंघस नही."

अण्णांनी मान हलवली. नवशिक्याच्या सबबी त्यांनी मंडळात पुष्कळ ऐकल्या होत्या. त्यांनाही तरुणपणी मागच्या रांगेत बसवलं होतं, वाजव पण ऐकू येऊ देऊ नको, असं सांगून. त्यांना सगळं समजलं होतं. मुलगा तिथे अजून कच्चा आहे, त्या दोघांनी दया म्हणून सोबत घेतलाय.

"अर्धं शिकीसन घर येवानं नही," ते म्हणाले. "जाय. बराबर शिक."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सालदार ठरवला.

माझा भाऊ जिंकला होता. त्याला हवं ते मिळालं होतं, मुंबई मिळाली, गिटार मिळाली, केळी टळली. पण त्या रात्री तो पारशाच्या ढोलाला टेकून ओसरीवर बसला होता आणि हुंदके देऊन रडत होता. मित्रांना वाटलं, बापाने नाही म्हटलं. मला त्यांना समजावून सांगता येईना.

तो आयुष्यभर मुंबईत वाजवत राहिला. मोठ्या लोकांच्या मागे उभा राहून वाजवलं, परदेशातही जाऊन आला. अण्णा मुंबईला कधी गेले नाहीत आणि त्यानेही पुन्हा गावात गिटार आणली नाही. एका आखाजीला तो आला होता, कानशिलं पिकलेली, बायकोमुलं सोबत. ओसरीवर कुणीतरी पाहुण्याने अण्णांना विचारलं, मुलगा काय करतो. मुलगा समोर बसलेला. अण्णा आता पार थकले होते, त्यांनी प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं.

"अजून शिकी ऱ्हायना," ते म्हणाले.