न पाहिलेला पाय

आमच्या गावचा कबड्डीचा संघ हरतो, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तेर गावच्या पुढं फाट्यावरून आत आलं की आमचं गाव. एसटीत शेजारच्यानं गाव विचारलं आणि आपण सांगितलं की तो आधी हसतो, मग विचारतो, औंदा कितव्या फेरीत? पहिल्या फेरीत, असं आपण सांगायचं. क्वचित दुसऱ्या.

हे वेड मला वडिलांकडून आलं. ते मला सायकलच्या दांडीवर बसवून जत्रांमधले सामने बघायला न्यायचे. ते स्वतः कधी खेळले नव्हते. संघ हरला की ते मैदानात उतरायचे आणि एकेका खेळाडूच्या पाठीवर हात ठेवून पुढं जायचे. बोलायचे काहीच नाहीत. परत येताना सायकल चालवत गप्प असायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या जत्रेची चौकशी करायचे.

मीही खेळलो नाही, अंगानं किरकोळ होतो. पण गावच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि संध्याकाळी मारुतीच्या देवळामागच्या मैदानावर जाऊन बसायची सवय लागली. हळूहळू संघाची कामं माझ्याकडं आली. स्पर्धेला नावं पाठवायची, टेम्पो ठरवायचा, पट्ट्या आणि मलम असलेली पिशवी सांभाळायची. आपल्या पोरांना नियम नीट कळावेत म्हणून मी पंचाची परीक्षाही दिली आणि पास झालो. तिथंच माझ्या हातून घडलेल्या गोष्टीची सुरुवात आहे.

त्याला आता वीस वर्षं होत आली. त्या साली आमच्याकडं एक चढाईपटू तयार झाला होता. चौथीत माझ्याच हाताखाली शिकला होता तो. उंच नव्हता, पण समोरच्याच्या डोळ्यांत बघत चढाई करायचा आणि कोणत्या बाजूला वळणार ते शेवटपर्यंत कळू द्यायचा नाही. लग्न झालेलं होतं, मुलगी रांगत होती. दिवसभर जळालेल्या पाण्याच्या मोटारी नवी तार भरून बांधायचं काम शिकायचा आणि संध्याकाळी मैदानावर यायचा. त्याच्या जोरावर आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका जत्रेत पहिली फेरी जिंकलो, मग दुसरी, आणि मग कुणालाही खरं वाटेना, पण आमचा संघ फायनलला गेला. आमच्या गावच्या आठवणीत हे पहिल्यांदाच घडत होतं. दुपारपर्यंत ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. वडील तेव्हा थकले होते, तरी आले आणि पहिल्या ओळीत मांडी घालून बसले.

समोर तुळजापूर तालुक्यातला एक नावाजलेला संघ होता. सामना सुरू व्हायच्या आधी एका रेषापंचाच्या पोटात दुखायला लागलं आणि तो बसून राहिला. दुसरा पंच जवळपास नव्हता. संयोजकांनी मला विचारलं. मी म्हणालो, माझ्याच गावचा सामना आहे, मला घेऊ नका. पण समोरच्या संघाचा कप्तान म्हणाला की गुरुजींवर आमचा विश्वास आहे. मग मला नाही म्हणता येईना.

खरं सांगायचं तर नाही म्हणावंसं वाटलंही नाही. समोरच्या गावच्या कप्तानानं चारचौघांत असं म्हटलेलं मला आवडलं होतं.

मी एका बाजूच्या रेघेवर उभा राहिलो. पूर्वार्धात दोनदा निर्णय माझ्यावर आला, आणि दोन्ही वेळेला मी आमच्या बाजूनं दिला. दोन्ही निर्णय बरोबर होते, ते मी आजही शपथेवर सांगेन. पण दुसऱ्या वेळी प्रेक्षकांतून कुणीतरी म्हणालं, "घरचाच पंच हाय, मग काय." बाजूचे हसले. त्यानंतर माझ्या पाठीमागं तेच चालू राहिलं. मी मागं बघत नव्हतो, पण कान तिकडंच होते. अर्धा तास मी रेघ कमी बघत होतो आणि माझ्याबद्दल काय बोलतात तेच जास्त ऐकत होतो.

दिवस मावळायला आला तेव्हा गुण बरोबरीत होते आणि शेवटची चढाई आमची होती. तो गेला. कोपऱ्यातल्या खेळाडूला त्यानं हात लावला आणि वळला, तेवढ्यात दोघांनी त्याला कमरेत धरलं. तो त्यांना ओढत माझ्याकडच्या बाजूला आला, सुटला, एक पाय माझ्यासमोर टेकवला आणि उडी मारून मध्यरेषेवर पडला. गाव उभं राहिलं. मुख्य पंचानं माझ्याकडं बघितलं.

मी हात वर केला. पाय बाहेर.

तो पाय मी पाहिला नव्हता. रेघ मारलेली फक्की दिवसभर खेळून पुसून गेली होती, धूळ उडाली होती, आणि त्या क्षणी माझं लक्ष पाठीमागच्या माणसांकडं होतं. हात मात्र वर गेला. का गेला, ते मला तेव्हाच माहीत होतं. तो वर गेला की घरचा पंच असं कुणी म्हणणार नव्हतं.

आम्ही एका गुणानं हरलो. तो मध्यरेषेवरून उठला आणि माझ्याकडं बघत राहिला. हुज्जत घातली नाही. मग स्वतःच्या पायाकडं बघितलं. समोरच्या संघाच्या माणसांनी येऊन माझा हात हातात घेतला. वडिलांनी नेहमीसारखं मैदानात जाऊन एकेकाच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या पाठीवर जरा जास्त वेळ. परत येताना टेम्पोत ते मला म्हणाले की तू केलंस ते अवघड होतं, पण बरोबर केलंस. मी बाहेर बघत बसलो. पुढं दोन वर्षांनी वडील गेले. त्यांना मी सांगितलं नाही.

गावानं मला दोष दिला नाही, हेच वाईट झालं. गुरुजींनी बाहेर म्हटलं म्हणजे बाहेरच, असं सगळे म्हणाले. दोष राहिला तो त्याच्या वाट्याला. जिंकलेला सामना यानं पायानं घालवला. पुढच्या हंगामात तो चढाईला निघाला की आपलीच माणसं ओरडायची, "रेघ बघ रं, रेघ." चेष्टेनंच ओरडायची. पण त्याचा खेळ ढासळला. तो लगेच पकडला जाऊ लागला. दोन वर्षांनी त्यानं खेळणं सोडलं आणि तेरला मोटार बांधायचं दुकान टाकलं. गावात मात्र ते वाक्य राहिलं. तो पारावर चढला, गाडीवर बसला, डबकं ओलांडलं, की कुणीतरी म्हणणार, रेघ बघ.

मी संघाची कामं सोडली नाहीत, उलट वाढवली. लोकांच्या घरची लग्नं, माझी स्वतःची दुखणी, काहीही असलं तरी मी एकही सामना चुकवला नाही. आम्ही हरतच होतो. गावाला वाटायचं की या माणसाची काय निष्ठा आहे. मी का जात होतो ते मला ठाऊक होतं. जिंकलो असतो तर एकदाचा सुटलो असतो, असं काहीतरी मनात होतं. एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा फायनल आलीच नाही.

निवृत्त झालो तेव्हा गावानं शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. सरपंच बोलले की स्वतःच्या गावाच्या विरोधात निर्णय देणारा असा माणूस मिळायचा नाही. टाळ्या वाजल्या. तोही आला होता, मागं उभा राहून तोही टाळ्या वाजवत होता. मी शाल घेतली, दोन शब्द बोललो आणि खाली बसलो.

त्यानंतर काही महिन्यांनी त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. तो नवा सदरा घालून स्टेजवर चढायला निघाला तेव्हा पाहुण्यांसमोर कुणीतरी म्हणालं, "रेघ बघा, रेघ." सगळे हसले. मुलाकडच्यांना कळेना, म्हणून एकानं त्यांना ती जुनी गोष्ट सविस्तर सांगितली, माझ्याकडं बोट दाखवून. तोही हसला. मुलगी खाली मान घालून बसली होती. आणि मी हसलो. घरी आल्यावर मला ते आठवायला लागलं की मी हसलो. अन्न जाईना. बायकोनं विचारलं, तेव्हा तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं.  ती म्हणाली, मला काय सांगताय, त्याला जाऊन सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेरला गेलो. तो दुकानात जमिनीवर बसून एका मोटारीत तांब्याची तार भरत होता. मला बघून उठला, खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण चहा घेतल्यावर बोलणं झालं नसतं. पाठीमागची माणसं, धूळ, वर गेलेला हात, सगळं सांगितलं. तो तार तशीच हातात धरून ऐकत होता.

मी थांबल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजे पाय आत हुता?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. हो म्हटलं असतं तर त्याचा जीव शांत झाला असता. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर तेही न पाहता म्हटलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी बघितलंच नाही."

 चहा आला तो त्यानं बाजूला ठेवला.

"गुरुजी, मला त्या वेळी वाटलं हुतं की आत हाय," तो म्हणाला. "पायाला कळतं. पण तुमचा हात वर बघितला. तुम्ही खोटं करणार न्हाय, मग माझाच पाय खोटा. पुढं चढाईला गेलो की मान खाली जायची. समोरच्याकडं बघायचं सोडून म्या रेघच बघत बसायचो. तसा माणूस घावतोच."

मी म्हणालो की माझं चुकलं. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून नव्हती.

"एवढ्या वर्षांनी आलात," तो म्हणाला, "अन् हे बी सांगता येईना तुम्हाला."

मी विचारलं की गावात सांगू का. तो म्हणाला, तुमचं तुम्ही बघा. मग तार पुन्हा भरायला लागला. मी उठलो. नेहमी तो रस्त्यापर्यंत सोडायला यायचा, त्या दिवशी आला नाही.

मी गावात सांगितलं. रविवारी संघाची बैठक होती, जुनी माणसंही होती. मी उभा राहून जसं होतं तसं सांगितलं.   सांगून झाल्यावर आमचा कप्तान म्हणाला की गुरुजी, पोरीच्या साखरपुड्यात त्याची थट्टा झाली ते तुम्हाला लागलं, म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय. बाकीच्यांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला, "लई मोठं मन हाय तुमचं." मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो की असं नाही, मी खरंच पाहिलं नव्हतं. जेवढं सांगावं तेवढी त्यांची खात्री वाढत गेली. त्या दिवशी मला कळलं की इतकी वर्षं त्याच्या जिवावर मी केवढं नाव कमावलं होतं. आता मी स्वतः सांगूनही ते जात नव्हतं.

ही बैठकीची हकीकत त्याच्या कानावर गेली. मी त्याच्याकडं पुन्हा गेलो नाही, धीर झाला नाही. एवढं मात्र झालं की त्याच्या बायकोनं माझ्या बायकोला पिठाच्या गिरणीवर गाठून सांगितलं की घरात त्यांनी या गोष्टीचा शब्द कधी काढला नव्हता, परवा पहिल्यांदा काढला. पुढं काय बोलले ते तिनं सांगितलं नाही आणि माझ्या बायकोनं विचारलं नाही.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी तो देवळामागच्या मैदानावर आला. इतक्या वर्षांत तो तिथं फिरकला नव्हता. चप्पल काढून मैदानात उतरला आणि पोरांना चढाई दाखवायला लागला. चाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, तरी वळण तेच होतं. पोरं खेळायची थांबून बघत राहिली. मी रेघेजवळ पिशवी घेऊन बसलो होतो. मी उठून उभा राहिलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि थांबला. मग पोरांना ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर आला.

"गुरुजी, तुम्ही तिकडं पायरीवर बसत जा," तो म्हणाला. "तुम्ही रेघेवर असला की मला शिकवता येत न्हाय."

आवाजात राग नव्हता. मी पिशवी तिथंच ठेवली आणि देवळाच्या पायरीवर जाऊन बसलो. तिथून पोरांचे पाय दिसत नाहीत, नुसती डोकी दिसतात. आता रोज तिथंच बसतो. तो आठवड्यातून तीन दिवस येतो. आल्यावर मला नमस्कार करतो, मुलीच्या लग्नाची पत्रिकाही त्यानं घरी येऊन दिली. थांबून बोलत मात्र नाही.

औंदाच्या जत्रेला तो संघाबरोबर टेम्पोतून गेला. मी फाट्यावरून एसटीनं गेलो आणि प्रेक्षकांत मागं बसलो. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, सहा गुणांनी. सामना संपल्यावर तो मैदानात उतरून एकेकाशी काहीतरी बोलत होता. मी थोडा वेळ उभा राहिलो आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून निघालो.