ज्वारीच्या कोठीवरचा कॉम्प्युटर

घरात नवीन वस्तू आली की दोन किस्से होतात, नवीन माणूस आलं की चार. सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात एकाच महिन्यात दोन्ही आलं. आधी पंचावन्न इंची टीव्ही, मागोमाग मी. त्यामुळे किस्से इतके साचलेत की कुठून उपसायला सुरुवात करावी तेच कळत नाही.

नवी नवरी बघायला आलेल्या बायकासुद्धा आधी टीव्हीच बघायच्या. "अगं बाई, केवढा हाय!" म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून, "आन् ही व्हय सून?"

मी मान हलवायची. मी कमी बोलते. सासरच्या पहिल्या पंधरा दिवसांत जे बोलले ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं.

मी टॉवेलची डिझाईनं काढते. अक्कलकोटहून, म्हणजे माहेराहून, माझा कॉम्प्युटर टेम्पोत बसून सोलापूरला आला, पण मॉनिटर वाटेतच तडकला. आणि पुढच्या गुरुवारी पुण्याच्या एका कंपनीतल्या मॅडम व्हिडिओ कॉलवर माझी डिझाईनं बघणार होत्या. आवडली तर घरबसल्या वर्षभराचं काम. नाही आवडली तर बघायला येणाऱ्या बायकांना चहा!

माझा नवरा सागर म्हणाला, "नवीन मॉनिटर आणू."

सासरे, म्हणजे मामा, भिंतीकडे बघून म्हणाले, "येवढा थोरला टीव्ही असताना दुसरं डबडं कशाला? ह्यालाच जोडा की!"

*

मामा एका गोदामात स्टोअरकीपर होते. वस्तू आली की ती झाकायची आणि तिला कुणी हात लावायचा नाही, या दोन नियमांवर ते अख्खी नोकरी करून रिटायर झाले. म्हणून टीव्हीवर सोलापुरी चादर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. पडद्याला बोट लावायचं नाही. कुणी लावूच नये म्हणून टीव्ही उंचावर.

सागरने केबल आणली ती दीड मीटरची. एक टोक टीव्हीत घातलं, तर दुसरं टोक हवेत लोंबकळायला लागलं. तिथवर पोचेल एवढी उंच वस्तू घरात एकच होती. करमाळ्याच्या शेतातली ज्वारी भरून ठेवलेली पत्र्याची कोठी! चौघांनी ती ढकलत टीव्हीखाली आणली. वर कॉम्प्युटर. लागला!

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई, म्हणजे आत्या, डबा घेऊन हजर. "उतरव गं तुजं यंत्र. दळण काढायचंय."

नेमका तेव्हाच मॅडमचा फोन. "दोन नमुने आत्ता पाठवता येतील का?"

"दळण काढून झालं की लगेच पाठवते," मी म्हणाले.

"काय काढून?" मॅडमनी विचारलं.

*

कॉम्प्युटर टीव्हीवर दिसला खरा, पण चारही बाजूंनी दोन-दोन बोटं कापलेला. विंडो बंद करायची फुली असते ना उजव्या कोपऱ्यात? तीच बाहेर गेलेली! उघडलेलं काही बंद होईना. सागर दोन तास कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरून बसला. मामा मागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी राहवेना तेव्हा त्यांनी अगदी पडलेल्या आवाजात विचारलं, "टीव्ही ल्हान पडला व्हय रं?"

मी हळूच म्हटलं, "मामा, रिमोटमध्ये असेल एखादं सेटिंग."

"रिमोटच्या सेटिंगला हात लावायचा न्हाय. दुकानातनं आला तसा ठिवलाय."

पण टीव्ही लहान पडल्याची बोच मोठी होती. अर्ध्या तासाने त्यांनी स्वतः, पिशवीवरूनच, एकेक बटण दाबायला सुरुवात केली. अचानक चित्र आक्रसलं आणि कोपऱ्यातून फुली बाहेर आली.

मामांनी छाती फुगवली. "बगा! टीव्ही ल्हान नव्हताच. तुमचा कॉम्प्युटरच हावरा."

*

आता टीव्हीवर कॉम्प्युटर म्हणजे काय, हे मला कळायला एक दुपार लागली.

सगळे पडलेत म्हणून मी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि अक्कलकोटच्या मैत्रिणीशी चॅट करत बसले. तिने विचारलं, सासर कसं आहे? मी टाईप केलं, "माणसं चांगली आहेत. फक्त भाजीत मीठ फार असतं. पण सांगणार कोण!"

मागून एकेक अक्षर लावत वाचल्याचा आवाज आला. "…पण… सांगणार… कोण."

वळून बघितलं. आत्या! दारात उभ्या, हातात लसूण. भिंतभर अक्षरं, त्यांना चष्मासुद्धा लागला नव्हता.

आत्या म्हणाल्या, "मग सांगायचं की! तोंड हाय न्हवं तुला?"

त्या रात्री भाजी अळणी होती. मामांनी मीठ मागितलं. आत्या म्हणाल्या, "बोलू नगा. टीव्हीवर आलंय."

*

मग कॅमेरा आला. टीव्हीच्या डोक्यावर बसवायचा, वाटाण्याएवढ्या भिंगाचा.

"ह्यातनं आपुन दिसतोय व्हय?" आत्यांनी विचारलं.

"हो."

"कुणाला?"

"कॉलवर जे असतील त्यांना."

"आन् कॉल नसंल तवा?"

"कुणालाच नाही."

आत्यांनी कॅमेऱ्याकडे असं बघितलं, जसं खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्याकडे बघतात. दुसऱ्या दिवशी भिंगावर लाल टिकली! चांगली मोठी, ठसठशीत.

"आई, अगं त्याला टिकली काय लावतेस?" सागर म्हणाला.

"मग? डोळं उगडं ठिवून कोण झोपतंय का?"

मामा स्टुलावर चढले. टिकली कॅमेऱ्यालाच आहे, पडद्याला नाही, याची खात्री करून घेतली आणि उतरले.

*

बुधवारी शेजारच्या नरसम्मा काकू विरजण मागायला आल्या. तेलुगू घर, उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात शिवणकामात गेलेलं. टीव्हीवर माझं मुख्य डिझाईन होतं. टॉवेलच्या दोन्ही टोकांना एकेक मोर, जवळजवळ खऱ्या मापाचे. काकू वाटी हातात धरून मान वाकडी करून बघत राहिल्या.

"अम्मा, हा टॉवेल दोरीवर टाकणार ना लोकं?"

"हो."

"मग एक मोर शीर्षासन करतो की!"

मला काही कळेना. काकूंनी मामांच्या खांद्यावरचा टॉवेल खेचला आणि दारावर टाकून दाखवला. अर्धा पुढे, अर्धा मागे. खरंच की! एका बाजूचा मोर ताठ राहणार, दुसऱ्या बाजूचा खाली डोकं, वर पाय. मॉनिटरवर मला ते नेहमी चित्र वाटायचं. भिंतीवर पहिल्यांदा टॉवेल वाटला.

संध्याकाळी मी एक मोर फिरवला. म्हणजे दोरीवर दोन्ही सरळ, पण टीव्हीवर एक उलटा.

मामा देवळातून आले, टीव्ही बघितला आणि रिमोटच्या पिशवीकडे धावले. "कुणी बटन दाबलं रं? मोर उलटा झालाय!"

*

गुरुवार, सकाळी अकरा. दळण आदल्या दिवशीच काढून ठेवलेलं. आत्यांनी ठेवणीतली इरकल नेसली होती. मी चार वाक्यं पाठ केली होती. सागर माझ्यापेक्षा जास्त घामाघूम.

मॅडम आल्या. कोठीपासून छतापर्यंत नुसत्या मॅडम! एवढ्या मोठ्या माणसासमोर आत्यांनी आपोआप पदर डोक्यावर घेतला.

"तुम्ही दिसत नाही आहात," मॅडम म्हणाल्या. "सगळं लाल-काळं दिसतंय."

आत्या चटकन स्टुलावर चढल्या आणि नखाने टिकली काढली. त्यामुळे मॅडमना माझ्या कामातलं पहिलं जे काही दिसलं, ते आत्यांचं नाक.

मी डिझाईन लावलं. मॅडमनी कपाळाला आठी घातली. "हा एक मोर उलटा का?"

चारही वाक्यं गेली. तोंड उघडलं, आवाज नाही. सागर खुणा करत होता, मला त्याही कळेनात. शेवटी मी मामांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, आडव्या हातावर टाकला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. एकदा पुढची बाजू, एकदा मागची.

"अरेच्चा!" मॅडम म्हणाल्या. "हे आमच्या ऑफिसात कुणालाच सुचलं नाही."

"मलाही नाही," आवाज फुटला एकदाचा. "नरसम्मा काकूंना सुचलं."

मॅडम हसल्या. बाकीची डिझाईनं बघितली. मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "छान आहे. विचार करून कळवते."

खोलीतल्या सगळ्यांचे चेहरे पडले. मुलगी बघून जाताना 'कळवतो' म्हणणारी मंडळी काय कळवतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे.

"येते मग," म्हणत मॅडम बटणाकडे वाकल्या.

"थांबा की!" आत्या म्हणाल्या. "ह्या घरातनं बाई कुंकवाबिगर जात न्हाय."

आणि पुन्हा स्टुलावर. टिकली अजून बोटावरच होती.

"अगं, पडदा!" मामा ओरडले. "बोट… बोट लावू नगंस!"

"हलू नगा, मॅडम."

"काय करतायत त्या?" मॅडमनी मला विचारलं.

"टिकली लावतायत," मी म्हणाले. "तुम्हाला."

मॅडमनी चष्मा काढला, हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

आत्यांनी नेम धरून टिकली टेकवली. "हां. आता जावा."

मॅडमनी डोळे उघडले. स्वतःच्या कपाळाला हात लावून बघितला.

"सोमवारपासून सुरू करा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पडदा काळा झाला. मधोमध एक लाल ठिपका राहिला. मामा आत गेले आणि फडकं घेऊन आले. स्टुलावर चढून त्यांनी सगळा टीव्ही पुसला, अगदी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

टिकलीच्या भोवतीनं.