डब्यातल्या चार बिबड्या

जळगावच्या दवाखान्यातून सकाळी फोन आला, तेव्हा मी चोपड्याला ओट्यावर तांदूळ निवडत बसले होते. अक्का गेल्या. ताट मांडीवर तसंच राहिलं... आता महिना झाला, तरी तांदूळ निवडायला घेतले की हात थांबतो.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या, पण लेकरांच्या डोक्यात काय चाललंय ते त्यांना बरोबर कळायचं. माझी नात मुक्ता चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट सांगते. सूनबाई बाळंतपणाला धुळ्याला गेली, अडचण झाली, डॉक्टरांनी बारा दिवस ठेवून घेतलं. मुक्ता आमच्याजवळ. दर घटकेला विचारायची, आई कधी येईल? मी म्हणायची, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच. अक्कांनी मला आत बोलावून झापलं. म्हणाल्या, "पोरले उद्या उद्या नका सांगा. तिले डोयाले दिसी असं काहीतरी द्या."

मग त्यांनी ज्वारीच्या बारा बिबड्या, आमच्याकडचे वाळवलेले पापड, मोजून पितळी डब्यात ठेवल्या. रोज संध्याकाळी एक भाजायची, डबा रिकामा झाला की आई येईल, असं पोरीला सांगितलं. पोरगी सातानंतर एकदम दहा म्हणायची, पण बोट लावून एकेक बिबडी शिवायची, एकही सोडायची नाही. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी दुपारी बघते तर मुक्ता चपला घालून उंबऱ्यावर बसलेली, मांडीवर रिकामा डबा. दोन कच्च्याच खाल्ल्या, बाकीच्या शेजारच्या बकरीला घातल्या, आणि आता बसच्या रस्त्याकडे डोळे लावलेले! मला हसूच आवरेना. म्हटलं, अगं वेडे, बिबड्या संपवून आई येते होय? तशी ती जी रडायला लागली...

अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हासू नको, सुशीला. तिना हिशोब बरोबर शे. सांगनारा आपन चुकनूत."

त्यांनी डब्यात पुन्हा नऊ ठेवल्या. पण आता रोज संध्याकाळी पोरीला गच्चीवर न्यायच्या, समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य पुरता बुडेपर्यंत दोघी उभ्या राहायच्या. आधी दिवस जाऊ द्यायचा, मग डबा उघडायचा. बाराव्या संध्याकाळी सूनबाई बाळाला घेऊन दारात आली, तर आमच्या बाईसाहेबांनी तिला तिथंच थांबवून आधी शेवटची बिबडी खाल्ली आणि मग गळ्यात पडली.

यंदा अक्का दवाखान्यात होत्या. मला रोज विचारायच्या, घर कधी? आणि मी मेली पुन्हा तेच म्हणायची, उद्या. मुक्ता आता कॉलेजात जाते. तिनं डॉक्टरांना गाठून सरळ विचारलं, ते म्हणाले, सुधारणा झाली तर आठ दिवस. पोरीनं घरून तोच डबा नेला, आठ बिबड्या भाजून. रोज खिडकीतलं ऊन गेलं की एक काढायची. अक्कांना चावत नव्हतं, जिभेवर एवढासा तुकडा ठेवून घ्यायच्या. चार झाल्या...

डबा आता फळीवर आहे, चार बिबड्यांसकट. मऊ पडल्या असतील, टाकून दे म्हणतात सगळे. संध्याकाळी टाकीमागे सूर्य गेला की मी डबा खाली घेते, झाकणाला हात लावते, आणि परत ठेवून देते. तो रिकामा करायला मला काही जमत नाही.